माळावरचा गप्पीदास: बघणं, ओळखणं आणि फोटो (दिवेघाट, सासवड, सुपे परिसर)

माळावरची

नमस्कार मंडळी,

मागच्या एका धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, की हिवाळ्यात पुण्याच्या आसपास भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) सोडून बघण्यासारखं काय आहे. भिगवणला जरूर जा, माझं काही म्हणणं नाही. पण सुट्टीच्या दिवशी तिथे होड्यांची जी गर्दी होते ती बघून मी माळाकडे वळले ती वळलेच. तर हा धागा गप्पीदासासाठी. सायबेरियन स्टोनचॅट.

चिमणीहून लहान पक्षी. वजन १३ ते १७ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवा, तेवढंच. एवढासा जीव सायबेरिया आणि मध्य आशियातल्या कुरणांवरून नाहीतर हिमालयाच्या उतारांवरून निघतो आणि हिवाळा आपल्या माळावर काढतो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात दिसायला लागतो, मार्च सरता सरता निघून जातो. समोर बसलेला नेमका कुठून आला हे नुसतं बघून सांगता येत नाही. तेव्हा व्हॉट्सॅपवर "थेट सायबेरियातून सासवडला" असं काही आलं तर निम्माच विश्वास ठेवा.

कुठे शोधायचा? गवत हवं, मधून मधून गुडघा-कमरेएवढी झुडपं हवीत आणि वर आभाळ मोकळं हवं. दिवेघाट चढून वर आलात की सासवड-जेजुरीकडचे माळ, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आणि त्याच्या भोवतालची गवताळ रानं, इंदापुरातली कडबनवाडी. इतकं लांब जायचं नसेल तर कवडीपाटाच्या बाजूची शेतं आणि पाषाण तलावाची उघडी कड. दाट झाडीत मात्र वेळ घालवू नका. आपल्या टेकड्यांवर जिथे गिरिपुष्प लावून लावून गच्च केलंय, तिथे हा येत नाही. का यावं त्याने?

आता मुद्द्याचं. हा पक्षी शोधत फिरायचा नसतो. एकदा दिसला की त्याच्या खुंट्या ओळखायच्या. खुंटी म्हणजे बसायची जागा: बोरीचा शेंडा, वाळलेला तरवड, ज्वारीचं ताट, कुंपणाची तार, प्लॉट पाडून रोवलेला सिमेंटचा खांब. हिवाळ्यातही याची स्वतःची हद्द असते आणि तो ती राखतो. खुंटीवर ताठ बसायचं, शेपूट खाली झटकायची, मान कलती करून जमिनीकडे बघायचं, मग दगड टाकल्यासारखं खाली पडायचं, काहीतरी उचलायचं आणि परत त्याच नाहीतर शेजारच्या खुंटीवर. चार-पाच खुंट्या झाल्या की पुन्हा पहिलीवर. अर्धा तास गप्प बसून हे चक्र बघितलंत की पुढे तो कुठे येणार हे तुम्हाला त्याच्याआधी कळायला लागतं.

परवा एक नर तरवडावर सुरवंट घेऊन आला. चांगला लठ्ठ सुरवंट, चोचीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारा. त्याने तो फांदीवर आपटला, जरा थांबला, पुन्हा आपटला, चोचीतच फिरवून सरळ केला आणि डोक्याकडून गिळला. मग चोच फांदीला घासली, एकदा या बाजूने, एकदा त्या. हे सगळं माझ्यापासून पंधरा पावलांवर. मी कॅमेरा उचलला नव्हता, कारण उचलला असता तर चोच घासायचं त्याने लांबणीवर टाकलं असतं.

दुसरी गंमत पिसांची. ऑक्टोबरात आलेला नर पुस्तकातल्या चित्रासारखा दिसत नाही. डोकं काळं असायला हवं तर मातकट तपकिरी, छातीवरचा तांबडा रंग मळका. कारण नवीन पिसांची टोकं फिकट भुरी असतात आणि खालचा काळा रंग त्यांच्याआड दडलेला असतो. हिवाळाभर गवतात वावरताना, उन्हावाऱ्यात ती टोकं झिजतात आणि काळं डोकं, मानेवरचा पांढरा पट्टा, केशरी छाती हळूहळू उघडी पडते. परत जायच्या सुमाराला नवरदेव तयार! यासाठी पिसं गळून नवी यावी लागत नाहीत, फक्त झिजावी लागतात. म्हणून माझं सांगणं असं की एका सुंदर फोटोच्या मागे लागण्यापेक्षा एकच हद्द धरा आणि ऑक्टोबर, डिसेंबर, मार्च असे तीन वेळा तिथलेच फोटो काढा. शेजारी शेजारी ठेवून बघा. इतकं शिकवणारा दुसरा पक्षी आपल्या माळावर मला तरी माहीत नाही.

कोणाला काय दिसलं तेही इथेच लिहा.

सदाशिव_पेठकर

लेख छान. पण धागा फोटोग्राफीचा आणि फोटो एकही नाही, हे फक्त पुण्यातच होऊ शकतं. (हलके घ्या.)

माळावरची

चढवते हो काका. साइझ मोठी आहे म्हणून संस्थळ घेत नाहीये, लहान करून टाकते.

गवती_चहा

मस्त! वाचनखूण साठवली आहे. माझा कायमचा गोंधळ: मादी. काल हडपसरच्या पुढे शेतात तपकिरी पक्षी दिसला, शेपूट झटकत होता, तारेवर बसला होता. पक्षी ओळखायच्या ॲपने आधी गप्पीदास सांगितलं, दुसऱ्या फोटोवर कवड्या गप्पीदास. दोन्ही कसं असेल?

माळावरची

@गवती_चहा, शंभरातल्या नव्वद लोकांचा हाच प्रश्न असतो. कवड्या गप्पीदास बारमाही, इथलाच. त्याचा नर ओळखायला सोपा: काळा कुळकुळीत, खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा. भांडण सगळं माद्यांचं आहे.

कवड्याची मादी सगळीकडून गडद, मातीच्या ढेकळाच्या रंगाची. पाठीवर रेघा जवळपास नसतातच. शेपटीच्या मुळाशी विटकरी रंग आणि पुढे शेपटी काळपट. आपल्या पाहुणीचा, म्हणजे गप्पीदासाच्या मादीचा, एकूण रंग उजळ. गळा पांढुरका, डोळ्यावर पुसटशी भुवई, पाठीवर गडद रेघा स्पष्ट, छातीवर हलकी केशरी झाक, शेपटीच्या मुळाशी फिकट आणि रेघ नसलेला भाग. तारेवर पाठमोरी बसली असेल तर उडेपर्यंत थांबा आणि उडतानाचे फोटो काढा, हलले तरी चालतील. शेपटीच्या मुळाचा रंग दिसला की निकाल लागतो. पहिल्या हिवाळ्यातला कोवळा नरही बराचसा मादीसारखाच दिसतो, पण त्याचा चेहरा आणि गळा काळपटलेला असतो.

ॲप चांगलंच आहे, पण त्याला तुम्ही पाठमोरा फोटो दिलात तर ते बिचारं काय करणार.

वही_पेन्सिल

भर घालतो. आवाजाकडेही लक्ष द्या. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा कोरडा टक्, टक् असा आवाज असतो, मधूनच बारीक शिट्टी. तुम्ही जवळ गेलात आणि हे टकटक वाढलं, शेपूट भराभर हलायला लागली, तर समजा की त्याला तुमचं जवळ येणं पसंत नाही. चार पावलं मागे या. फोटो मिळेल की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि शेजारपाजार बघा. गप्पीदास जिथे आहे तिथे चरचऱ्या, चंडोल, डोंबारी हे पक्षी असतातच. खाटीक पक्षी बहुधा त्याच बोरीवर बसतो, मग गप्पीदास गुपचूप पलीकडच्या काडीवर जातो. सुप्याच्या बाजूला संध्याकाळी पांढुरका भोवत्या किंवा माँटेग्यूचा भोवत्या (दोन्ही शिकारी पक्षी) गवतावरून खालून खालून जाताना दिसला तर मात्र गप्पीदास वगैरे विसरून जा, तो बघा.

नवा_लेन्सवाला

१५०-६०० मिमीची लेन्स घेतली आहे नुकतीच. डिसेंबरात दोनदा जाऊन आलो सासवड रोडला. ६०० वर सगळे फोटो मऊ येतात, पिसाचा तपशील नाही. लेन्स सर्व्हिसला टाकू का? दुकानदार म्हणतो कॅलिब्रेशन (फोकस जुळवणी) करून देतो.

माळावरची

@नवा_लेन्सवाला, पैसे देण्याआधी एक सांगा. फोटो किती वाजता काढले होते?

नवा_लेन्सवाला

अकरा ते साडेबारा. ऊन चांगलं होतं म्हणून मुद्दाम.

माळावरची

मग लेन्सला दोष देऊ नका. माळावर साडेनऊ-दहानंतर जमीन तापते, तापलेली हवा वर येते आणि लांबच्या लेन्सला तीच हवा दिसते. पक्षी जितका लांब आणि जमिनीच्या जितका जवळ, तितका फोटो मऊ. हिवाळ्यातसुद्धा, थंडी आपल्याला वाजते, जमिनीला नाही. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत जा, नाहीतर साडेचारनंतर. तीच लेन्स पीस न पीस दाखवेल. तोवर घरी पंचवीस फुटांवर वर्तमानपत्र लावून, ट्रायपॉडवर एक फोटो काढा. अक्षरं कोरीव आली तर कॅलिब्रेशनचं नावही काढू नका.

बाकी माझ्या सवयी सांगते, नियम नव्हेत. सूर्य पाठीशी घ्यायचा. नराचं डोकं काळं आणि डोळाही काळा, डोळ्यात उजेडाचा ठिपका आला नाही तर फोटो मेलेला वाटतो. तो ठिपका कोवळ्या, तिरक्या उन्हात सहज येतो. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली नेत नाही, उडी मारायच्या क्षणासाठी १/२०००. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, दाणे नंतर काढता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. नर उन्हात असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एकतृतीयांश स्टॉप कमी, नाहीतर मानेवरचा पांढरा पट्टा जळतो. मागे उजळ आभाळ असेल तर उलट, एक पूर्ण स्टॉप वाढवायचा.

फोकस एकाच बिंदूवर ठेवा. पुढ्यात कुसळी गवताच्या काड्या असल्या की कॅमेरा काडीच धरतो, मग तो कितीही महागडा असो.

आणि बसा. अक्षरशः जमिनीवर बसा. उभं राहून काढलात तर पक्ष्यामागे दोन फुटांवरचं गवत येतं, सगळी खिचडी. त्याच्या नजरेच्या पातळीला आलात की मागचं गवत शे-दोनशे फूट लांब जातं आणि आपोआप पुसट होतं. जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून दोन्ही तोंडं शिवली की लेन्स टेकवायला पिशवी तयार. कुसळं कपड्यात घुसतात ती आठवडाभर निघत नाहीत, ती वेगळी दक्षिणा.

नवा_लेन्सवाला

अकराचं ऊन! धन्यवाद ताई. दुकानदाराला फोन करून थांबवतो.

पी९००_भक्त

आमच्यासारख्या गरिबांना पण काहीतरी सांगा. निकॉन पी९०० आहे, पक्षी धरेपर्यंत उडतो.

वही_पेन्सिल

पी९०० चा झूम ८३ पट आहे म्हणून तो सगळा वापरलाच पाहिजे असं नाही. २००० मिमीला तुमचा श्वाससुद्धा फोटोत येतो. आधी झूम कमी ठेवून खुंटी चौकटीत धरा, मग हळूहळू पुढे जा, आणि अर्ध्यावर थांबा. पक्षी खुंटीवर नसतानाच खुंटीवर फोकस करून ठेवा, तो येणारच आहे, ताईंनी वर लिहिलंय ना. गप्पीदास या कॅमेऱ्यासाठी फार सोयीचा पक्षी आहे. पानाआड लपत नाही, शेंड्यावर बसतो, आणि परत येतो. शिवाय नोंदीसाठी सुंदर फोटो लागत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संस्थळावर तारीख, जागा, संख्या आणि ओळख पटेल असा धूसर फोटो पुरतो.

झूम_बराबर

एवढं लिहिण्यापेक्षा लोकेशन पिन टाका की. आणि मोबाइलवर त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं तर जवळ येतो का? रविवारी एकच दिवस मिळतो, अर्धा अर्धा तास कोण बसणार.

वही_पेन्सिल

नका लावू. तो इथे जोडीदार शोधायला आलेला नाही, पोट भरायला आलाय. आवाज लावलात की त्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, मग खाणं सोडून तो शोधत बसतो. तुमच्यानंतर दुसरा, मग तिसरा. मार्चमध्ये त्याला हजारो किलोमीटर परत जायचंय, त्यासाठी अंगात चरबी साठवायची असते. तुमचा रविवार एकच, त्याचेही दिवस मोजकेच.

झूम_बराबर

सगळेच लावतात. मोठमोठे फोटोग्राफर अळ्या टाकून फोटो काढतात, त्यांना कोणी बोलत नाही.

माळावरची

आम्ही बोलतो. अळ्या टाकून काढलेला फोटो लगेच ओळखू येतो. बाजारातून आणलेल्या फांदीवर पक्षी, फांदी नेमकी कॅमेऱ्यासमोर, मागे हिरवागार पडदा. पाच जणांच्या पाच फोटोंत तीच फांदी. मला त्यात पक्ष्यापेक्षा फांदीचीच जास्त ओळख होते.

पिनबद्दल. गप्पीदास दुर्मिळ नाही, त्याची जागा सांगायला माझी हरकत नाही, परिसर वर लिहिलेच आहेत. नेमकी पिन टाकत नाही ती दुसऱ्या कारणासाठी. त्याच माळावर लांडगे आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, आणि एका पिनवर वीस गाड्या आल्या की गवतातून नव्या वाटा पडतात. कवड्याची घरटी बांधाच्या बिळात, भिंतीच्या भोकात असतात, फेब्रुवारीपासून त्यांचीही वेळ सुरू होते. घरट्याचा फोटो इथे टाकलात तर संपादकांना सांगून काढायला लावेन, आत्ताच सांगते.

दूरदेशी

इंग्लंडमधून लिहितोय. इथला युरोपियन स्टोनचॅट जवळचा भाऊबंद, पण बराचसा वर्षभर इथेच राहतो, समुद्राकाठच्या काटेरी गॉर्सच्या झुडपांवर हमखास. त्याला बघताना सासवडचा माळ आठवायचा, आज धागा वाचून जास्तच. एक शंका: तुमच्याकडचा उडाला की शेपटीच्या मुळाशी पांढरं दिसतं, इथल्याचं तेवढं नाही. बरोबर का?

माळावरची

बरोबर. तुमच्या नराच्या शेपटीच्या मुळावर बहुधा रेघा असतात, आपल्याकडच्याचा तो भाग स्वच्छ आणि बिनरेघांचा. पंखाखालूनही आपला नर काळा दिसतो. पूर्वी हे सगळे एकाच जातीत धरत, आता वेगळे मानतात.

सासवडचे_आबा

मी कॅमेरावाला नाही, शेती करतो. मुलीने हा धागा वाचून दाखवला म्हणून तिच्याकडूनच टंकून घेतोय.

हे पाखरू आमच्या हरभऱ्यात दिवाळीपासून असतं. घाटेअळी वेचतं, त्यामुळे आमची काही तक्रार नाही. मी पक्षी थांबे म्हणून शेतात बांबूच्या काड्या रोवतो, त्यावर कोतवाल बसतो तसं हेही बसतं. तक्रार तुम्हा लोकांची आहे. गाडी बांधावर चढवता. ट्रॅक्टरच्या वाटेत लावून लांब निघून जाता, मग हॉर्न वाजवून वाजवून हात दुखतो. मागच्या महिन्यात एक जण पिकात पालथा पडून फोटो काढत होता. मी विचारलं काय हरवलं का, तर हळू बोला म्हणाला. माझ्याच रानात!

दुसरं वणव्याचं. फेब्रुवारीत माळ पेटवतात. काहींना वाटतं राखेने गवत चांगलं फुटतं, काही जण नुसती बिडी टाकून जातात. पेटला की झुडपं जातात, किडे जातात, मग ही पाखरं काय खाणार. आमच्या वस्तीवर आम्ही पोरं लावून पट्टा काढतो, म्हणजे गवत कापून मोकळी जागा ठेवतो, तिथून आग पुढे येत नाही. फोटोला येता तर एखाद्या रविवारी विळा घेऊन पण या.

वही_पेन्सिल

आबा, सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. पट्टा काढायला आमच्या ग्रुपमधून माणसं आणतो, जानेवारीतला दिवस सांगा.

आग हा एक भाग झाला. दुसरा म्हणजे कागदावर हा माळ अजूनही पडीक जमिनीत मोजला जातो. पडीक म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात, प्लॉट पाडा नाहीतर झाडं लावा. झाडं लावायला विरोध केला की लोक आपल्याकडे वेड्यासारखं बघतात. पण गवताळ रानात खड्डे खणून झाडं लावली की गप्पीदास, चंडोल, भोवत्या, चिंकारा सगळ्यांचं घर जातं. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे. बाकीचा माळ गावांच्या, वनखात्याच्या नाहीतर खाजगी जमिनीत विखुरलाय. कडबनवाडी आणि बारामतीकडच्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे, ऑनलाइन नोंदणी होते, स्थानिक गाइड मिळतो. गावातल्या पोरांना माळ आहे तसा ठेवण्यात चार पैसे दिसले तर बरंच काही वाचेल.

सदाशिव_पेठकर

+१. आणि फोटो आले का?

माळावरची

आले! पहिल्या प्रतिसादाखाली तीन चढवलेत. तिन्ही एकाच हद्दीतल्या नराचे, ऑक्टोबर, डिसेंबर आणि मागच्या मार्चमधला. मार्चमधला पाठमोरा आहे पण मानेवरचा पट्टा बघा.

सदाशिव_पेठकर

ऑक्टोबरवाला वेगळाच पक्षी वाटतो. मान्य.

गवती_चहा

रविवारी आम्ही चौघं निघतोय, एक नऊ वर्षांची मुलगी आहे. काय काय घेऊ? आणि आबा, तुमच्या बाजूला आलो तर चालेल का?

माळावरची

पाणी, टोपी, पायात बूट, अंगात मातकट किंवा खाकी. पांढरा शर्ट नको. मुलीला दुर्बीण द्या, कॅमेरा नको. ८ x ४२ ची असेल तर उत्तम. तिला काम द्या: पक्षी कुठल्या खुंटीवरून कुठल्या खुंटीवर गेला ते कागदावर बाण काढून दाखवायचं. मुलं यात आपल्यापेक्षा जास्त वेळ टिकतात. सहाला घर सोडा, नऊला आवरतं घ्या.

सासवडचे_आबा

या की. गाडी वस्तीवर लावा, तिथून चालत जा. हुरडा अजून पंधरा दिवस लांब आहे, पण हरभऱ्याचे डहाळे आलेत. पोरीला पाहिजे असतील तर मागून घ्या, मी देतो. न विचारता उपटू नका, एवढंच.